काळे केस, पांढरे केस

तिसरं शतक सरत आलं होतं. पॅलेस्टाइनमध्ये रब्बी, म्हणजे ज्यू धर्मपंडित, इत्झाक नप्पाहा यांच्यासमोर अमी आणि अस्सी हे दोन विद्वान शिकायला बसले होते. 'नप्पाहा' म्हणजे लोहार. त्या काळच्या बऱ्याच रब्बींना पोटासाठी असा काही हातचा धंदा असे. दोघांतला एक म्हणाला, आज कायद्याचं काही सांगा. दुसरा म्हणाला, नको, गोष्टीचं सांगा. इत्झाकांनी गोष्ट सुरू केली की पहिला अडवायचा आणि कायदा काढला की दुसरा. शेवटी वैतागून त्यांनी एक दाखला दिला. एका माणसाला दोन बायका होत्या, एक तरणी आणि एक उतारवयाची. नवरा आपल्या जोडीचा दिसावा म्हणून तरणी त्याच्या डोक्यातले पांढरे केस उपटायची. दुसरी त्याच कारणासाठी काळे उपटायची. दोघींच्या मायेत बिचाऱ्याचं पार टक्कल झालं.

'दोन बायका, फजिती ऐका' असं आपल्याकडे ज्यांनी म्हटलं त्यांच्या कानावर हा दाखला गेला असणं अवघड आहे, पण तो त्यांना समजावून सांगावा लागला नसता.

इत्झाक मात्र टक्कल पडू देणारे नव्हते. दोघांना पुरेल असं मी एकच काही सांगतो, असं म्हणून त्यांनी आगीचा नियम घेतला. मोशेच्या पाच ग्रंथांना ज्यू लोक तोरा म्हणतात. तोरेत आगीच्या नुकसानीबद्दल एक कलम आहे: आग काट्याकुट्यांतून आपसूक पसरली आणि शेजाऱ्याच्या धान्याच्या गंजीपर्यंत गेली, तरी ती पेटवणाऱ्या माणसाने भरपाई करायची. यातून आधी गोष्ट निघाली. यरुशलेमचं मंदिर जळालं, ती आग देवानेच लावलेली होती. तेव्हा कलमाप्रमाणे भरपाई त्याच्याकडे निघते, आणि ती तो करणार आहे. मग त्याच वाक्यातून कायदा निघाला. वाक्य सुरू होतं आपोआप लागलेल्या आगीने आणि संपतं ती पेटवणाऱ्या माणसावर. म्हणजे माणसाने लावलेली आग हा त्याने सोडलेला बाण समजायचा, कुठेही जाऊन लागो.

रोमन फौजेने यरुशलेमचं मंदिर जाळलं ते इसवी सन 70 मध्ये. त्या घटनेनंतर दोनशेहून अधिक वर्षांनी एक लोहार-रब्बी सृष्टीच्या धन्याला नुकसानभरपाईच्या दाव्यात प्रतिवादी करतो, आणि हे सगळं कायद्याच्या तासाला चालतं. ज्यू दंतकथा धर्मवाङ्मयात कुठे बसतात, असं विचारलं तर मी आधी तालमूद या ग्रंथातलं हे पान दाखवीन. त्या कायद्याच्या मांडीला मांडी लावून बसतात. कायदा पाळावाच लागतो, गोष्ट खरी मानलीच पाहिजे अशी सक्ती नसते. ही मोकळीक असल्यामुळेच कायद्याला जे बोलता येत नाही ते गोष्ट बोलून टाकते.

कायदा आणि गोष्ट, दोघांची नावं आता सांगायला हवीत. कायद्याच्या भागाला हलाखा म्हणतात. तो शब्द 'चालणे' या अर्थाच्या हिब्रू धातूवरून आलेला आहे. माणसाने कसं चालावं ते सांगणारी ती हलाखा. उरलेल्या सगळ्याला अगादा म्हणतात, 'सांगणे' या धातूवरून. बायबलमधल्या पात्रांच्या न लिहिलेल्या हकिकती, रब्बींची चरित्रं, देवदूत, भुतंखेतं, समुद्रावरच्या थापा, वैद्यकातले तोडगे, स्वप्नांचे अर्थ, म्हणी, दाखले हे सगळं अगाद्यात येतं. वल्हांडणाच्या रात्री ज्यू घरांत जी पोथी वाचतात तिला 'हगादा' म्हणतात, तो शब्दही याच धातूचा.

इसवी सन 200 च्या सुमारास रब्बी यहुदा हनासी यांनी तोंडी चालत आलेल्या कायद्याची मिश्ना नावाची संहिता केली. पुढची तीन-चार शतकं तिच्यावर जी चर्चा झाली तिच्यातून तालमूद तयार झाला. एक पॅलेस्टाइनचा, दुसरा बाबिलोनचा, म्हणजे आजच्या इराकमधला. बाबिलोनचा मोठा आणि जास्त मानाचा. आजच्या प्रचलित आवृत्तीत त्याची 2,711 पानं भरतात, आणि पान म्हणजे दोन्ही बाजू. रोज एक पान वाचायचा शिरस्ता 1923 मध्ये सुरू झाला. त्या गतीने वाचलं तर ग्रंथ संपायला सुमारे साडेसात वर्षं लागतात.

वाचणाऱ्याची खरी तारांबळ उडते ती गोष्टी कुठे येतील याचा नेम नसल्यामुळे. घटस्फोटाच्या कागदपत्रांवरच्या प्रकरणात मधेच यरुशलेमच्या पडावाची हकिकत लागते. आमंत्रण चुकून भलत्याच माणसाकडे जातं, यजमान त्याला भर पंगतीतून उठवतो, आणि त्या अपमानातून शहराचा नाश होतो. जहाजाच्या विक्रीची कलमं वाचता वाचता एक समुद्रप्रवासी रब्बी असा मासा सांगतो की लोक त्याला बेट समजून त्याच्या पाठीवर चूल मांडतात. संपादकांचा हलगर्जीपणा म्हणावा तर तो ग्रंथभर आहे. आधी स्मरणातून, बोलण्याच्या ओघात वाढलेलं हे वाङ्मय आहे. आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना खतावणीतला एक आकडा विचारला की ते सबंध खानदानाची कुंडली मांडायचे, तशातली ही गत.

तालमूदच्या बाहेरही अगाद्याचा मोठा प्रदेश आहे, मिद्राश नावाचा. मिद्राश तोराच हातात धरून ओळीमागून ओळ चालतो आणि जिथे मजकुरात फट दिसेल तिथे बोट घालतो. याचा उत्तम नमुना अब्राहामची मूर्तिभंजनाची गोष्ट. ती इतकी रुजली आहे की अनेक ज्यू मुलं ती बायबलमध्येच आहे असं समजून मोठी होतात. ती तिथे नाही. बायबलमध्ये अब्राहाम येतो तो जवळजवळ एकदमच. पंचाहत्तर वर्षांच्या या माणसाला देव घर सोडायला सांगतो. त्याच्या बालपणाबद्दल किंवा देवाने त्याला का निवडलं याबद्दल एक अक्षर नाही.

पाचव्या शतकाच्या आसपास जुळलेल्या बरेशीत रब्बा या मिद्राशात ती जागा भरलेली आहे. अब्राहामचा बाप तेरह मूर्तींचा दुकानदार. एकदा तो पोराला गल्ल्यावर बसवून बाहेरगावी गेला. गिऱ्हाईक आलं की अब्राहाम वय विचारायचा. पन्नास-साठ असं उत्तर आलं की म्हणायचा, साठ वर्षांचा माणूस कालच घडवलेल्या वस्तूपुढे वाकणार! गिऱ्हाईक शरमून परत जायचं. मग एक बाई मूर्तींसाठी पिठाचं ताट घेऊन आली. ती गेल्यावर अब्राहामने सोटा घेतला, सगळ्या मूर्ती फोडल्या आणि सोटा सर्वांत मोठीच्या हातात ठेवला. बाप आल्यावर सांगितलं, आधी कोण खाणार यावरून यांच्यात जुंपली, थोरल्याने बाकीच्यांना झोडपलं. बाप म्हणाला, माझी थट्टा करतोस का, यांना काय कळतंय? त्यावर पोराने एवढंच सुचवलं की तुमचं तोंड काय बोललं ते तुमच्या कानांनी ऐकावं.

इथवर गंमत आहे. बाप त्याला निम्रोद राजाच्या हवाली करतो आणि तिथे सवालजबाब रंगतो. राजा म्हणतो, अग्नीला भज. मग अग्नी विझवणाऱ्या पाण्याला का नको? बरं, पाण्याला भज. पाणी वाहून नेणाऱ्या ढगाला का नको? ढगाला भज. ढग पांगवणाऱ्या वाऱ्याला? वाऱ्याला भज. आणि तोच वारा छातीत धरून चालणाऱ्या माणसाला? निम्रोदची उत्तरं संपतात, तो त्याला भट्टीत टाकतो आणि अब्राहाम सुखरूप बाहेर येतो. मराठी वाचकाला इथे प्रल्हाद आठवणारच. मुसलमान वाचकाला तर ही गोष्ट घरचीच वाटेल, कारण फुटलेल्या मूर्ती, शाबूत ठेवलेली सर्वांत मोठी आणि थंड झालेली आग, या तिन्ही गोष्टी कुराणातल्या इब्राहिमच्या कथेत आहेत.

पण मिद्राशाला खरी ओढ आहे ती हारानची. हारान हा अब्राहामचा भाऊ. भट्टी पेटलेली असताना तो कुंपणावर बसून होता: भाऊ जिंकला तर मी भावाचा, राजा जिंकला तर राजाचा. अब्राहाम वाचल्यावर कोणाचा म्हणून विचारलं, तेव्हा तो भावाचा झाला. त्यालाही भट्टीत टाकलं आणि तो जळून, बापाच्या डोळ्यांदेखत मेला. हे एवढं सगळं कशासाठी? बायबलमध्ये एक कोरडं वाक्य आहे की हारान हा त्याचा बाप तेरह याच्या समोर, खास्द्यांच्या ऊर या गावी मेला. वाचणाऱ्याला दोन ठिकाणी ठेच लागली. मुलगा बापाच्या 'समोर' मेला हे मुद्दाम का सांगितलं? आणि 'ऊर' या हिब्रू अक्षरांचा अर्थ ज्वाला असाही होतो, ते कशासाठी? मूर्तींचं दुकान, सोटा, निम्रोद, भट्टी हा सबंध डोलारा या दोन शब्दांच्या खुंटीला टांगलेला आहे. अगादा म्हणजे मोकाट कल्पनाशक्ती असं समजणाऱ्याने ही खुंटी पाहावी. कवी कितीही भरारला तरी व्याकरणाशी बांधलेला होता.

लोकांना अर्थात खुंटीशी कर्तव्य नव्हतं, त्यांना गोष्ट हवी होती. तालमूदमध्येच एक हकिकत आहे. रब्बी अबाहू आणि रब्बी हिया बार अब्बा एका गावी प्रवचनाला गेले. हिया कायदा सांगू लागले, अबाहू गोष्टी. गर्दी उठून अबाहूंकडे गेली. हिया खट्टू झाले. अबाहूंनी समजूत घातली की एक माणूस हिरेमाणकं विकतो आणि दुसरा सुया-दाभणं, तर झुंबड कोणाकडे उडणार? एरवी हिया अबाहूंना बिऱ्हाडापर्यंत पोचवायला जात, कारण अबाहूंची सरकारदरबारी ऊठबस होती. त्या दिवशी अबाहू हियांना पोचवायला गेले. तरी हियांचं मन शांत झालं नाही, असं तालमूद नोंदवतो. ती शेवटची नोंद मला फार आवडते. अबाहूंनी उपमा छान दिली, पण रिकाम्या मांडवात बसलेल्याला उपमेने काय होणार!

आता एका गोष्टीपाशी थांबू, कारण अगाद्याचं सगळं सामर्थ्य तिच्यात दिसतं आणि तिची अर्धीच बाजू सहसा सांगितली जाते.

भट्टीचीच आहे तीही, पण ही मातीची, भाकरी भाजायची. आडवे काप करून, कड्यांच्या मधे वाळू भरून उभी केलेली ही भट्टी सोवळ्याओवळ्याच्या नियमाने अखंड धरायची की फुटलेली? फुटलेल्या भांड्याला ओवळं लागत नाही. रब्बी एलिएझर म्हणाले, फुटलेली, म्हणून सोवळीच. बाकी सगळे म्हणाले, अखंड. एलिएझरांनी होती नव्हती ती सारी प्रमाणं मांडली, कोणी मानेना. तेव्हा ते म्हणाले, मी बरोबर असेन तर हे खरनूबाचं झाड दाखवील. झाड शंभर हात सरकलं. सभा म्हणाली, झाड हे काही प्रमाण नाही. मग पाटाचं पाणी उलटं वाहिलं. पाणीही प्रमाण नाही. मग पाठशाळेच्या भिंती कलायला लागल्या. रब्बी यहोशुआंनी भिंतींनाच दटावलं की विद्वान वाद घालतात, तुमचा काय संबंध? भिंती यहोशुआंच्या मानाखातर पडल्या नाहीत आणि एलिएझरांच्या मानाखातर सरळही झाल्या नाहीत. तशाच कललेल्या राहिल्या. शेवटी आभाळातून आवाज आला की एलिएझरांचंच खरं. यहोशुआ उठून उभे राहिले. त्यांच्या बोलण्याचा अर्थ पुढे असा लावला गेला, की तोरा सिनाय पर्वतावर माणसांच्या हाती दिली गेली, ती आता वर राहिलेली नाही, आणि बहुमताने चालावं हे तिच्यातच लिहिलेलं आहे. तेव्हा आभाळातल्या आवाजाचं मत मोजायचं नाही.

पुढे रब्बी नातान यांना एलिया संदेष्टा भेटला. हा एलिया लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे. नातानांनी विचारलं, त्या घटकेला देव काय करत होता? एलियाने सांगितलं की हसत होता, पोरांनी मला हरवलं म्हणत.

आधुनिक व्याख्यानांत गोष्ट इथे संपते आणि टाळ्या पडतात. माणसाची बुद्धी, चर्चेचं स्वातंत्र्य वगैरे. तालमूदमध्ये ती इथे संपत नाही. सभेने एलिएझरांनी सोवळं ठरवलेलं सगळं आणून जाळलं आणि त्यांना वाळीत टाकलं. हे त्यांना सांगायला कोण जाणार? रब्बी अकिवा म्हणाले, मी जातो; भलत्याने भलत्या तऱ्हेने सांगितलं तर जग उद्ध्वस्त होईल. ते काळे कपडे घालून गेले, चार हात दूर बसले. एलिएझरांना उमगलं. त्यांनी कपडे फाडले, जमिनीवर बसले, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्या दिवशी जगातला तिसरा हिस्सा ऑलिव्ह, तिसरा हिस्सा गहू आणि तिसरा हिस्सा जव करपून गेला.

सभेचे प्रमुख रब्बान गमलिएल. ते तेव्हा जहाजात होते, त्यांना बुडवायला लाट उठली. माझ्या मोठेपणासाठी मी हे केलं नाही, फाटाफूट वाढू नये म्हणून केलं, असं त्यांनी देवाला सांगितलं आणि समुद्र निवला. तेवढ्यापुरता. एलिएझरांची बायको इम्मा शालोम ही गमलिएल यांची सख्खी बहीण होती. त्या दिवसापासून ती नवऱ्याला पालथं पडून गाऱ्हाणं घालायची प्रार्थना करू देईना. ती डोळ्यांत तेल घालून राखण करायची. एके दिवशी दारी भिकारी आला, ती भाकरी द्यायला उठली, परत येऊन पाहते तर नवरा जमिनीवर पालथा पडलेला. ती म्हणाली, उठा, माझा भाऊ गेला. तेवढ्यात गमलिएल यांच्या घरून मृत्यूची शिंगं वाजली. तुला कसं कळलं, या प्रश्नाला तिचं उत्तर होतं की आजोबांच्या घरी ऐकलं आहे, स्वर्गाची बाकी सगळी दारं बंद झाली तरी दुखावलेल्याच्या गाऱ्हाण्याचं दार बंद होत नाही.

आणि ही गोष्ट तालमूदमध्ये कुठे आहे? भट्ट्यांच्या किंवा बहुमताच्या प्रकरणात नाही. खरेदी-विक्रीत फसवू नये, या कलमाला जोडून शब्दांनीही कोणाला दुखवू नये अशी चर्चा चालली आहे, तिथे ही येते. म्हणजे संपादकांच्या लेखी ही कथा एलिएझरांच्या डोळ्यांतल्या पाण्याची आहे. कायद्याच्या दृष्टीने सभा जिंकली, तो निर्णय आजही उभा आहे, आणि त्याच पानावर गोष्ट त्या निर्णयाची किंमत मांडून ठेवते: करपलेलं पीक, मेलेला भाऊ, दोघांमध्ये अडकलेली बाई. हलाखेला हे लिहिता आलं नसतं. तिला निकाल द्यायचा असतो.

असल्या गोष्टी शत्रूच्या हाती पडल्यावर काय झालं, तेही बघण्यासारखं आहे. 1240 मध्ये पॅरिसला तालमूदवरच खटला चालला. आरोप लावणारा निकोलस दोनिन हा ख्रिस्ती झालेला ज्यू होता, म्हणून त्याला पानं नेमकी ठाऊक होती. त्याच्या आरोपांत अगाद्याचा भरणा मोठा. देव रब्बींकडून वादात हरतो म्हणणारा ग्रंथ ईश्वरनिंदक नाही तर काय? पुढे 1242 च्या सुमारास पॅरिसमध्ये चोवीस गाड्या भरून हस्तलिखितं जाळली गेली. छपाईच्या दोनशे वर्षं आधीची ही गोष्ट, तेव्हा गेलेलं प्रत्येक पान हाताने उतरवलेलं होतं.

1263 मध्ये बार्सेलोनाला, आरागॉनच्या राजा जेम्सपुढे झालेल्या वादात, डाव उलटा होता. पाब्लो क्रिस्तियानी, हाही धर्मांतरित, अगाद्याची निंदा न करता त्यालाच साक्षीला बोलावत होता. एका मिद्राशात अशी गोष्ट आहे: एक ज्यू नांगरत असताना त्याची गाय हंबरली. वाटेने जाणारा अरब म्हणाला, जू सोड, तुमचं मंदिर पडलं. गाय पुन्हा हंबरली. तो म्हणाला, जू बांध, तुमचा मसीहा जन्मला. पाब्लो म्हणाला, बघा, तुमच्याच ग्रंथाप्रमाणे मसीहा येऊन गेला. समोर रब्बी मोशे बेन नहमान, नहमानिदेस, होते. त्यांनी सांगितलं की आमचे ग्रंथ तीन जातींचे. बायबल पूर्ण मानतो. तालमूदचा कायदा मानतो. तिसरे मिद्राश, म्हणजे प्रवचनं. बिशपने उभं राहून प्रवचन करावं आणि कोणा श्रोत्याने आवडलं म्हणून उतरवून घ्यावं, तसं. मानलं तर ठीक, न मानलं तरी बिघडत नाही.

कोर्टातली चलाखी की मनातलं मत, यावर अभ्यासक अजून भांडतात, कारण याच नहमानिदेसांचं तोरेवरचं भाष्य अगाद्याने ओतप्रोत आहे. मला यात विसंगती दिसत नाही. आजीच्या गोष्टीवर कोर्टात शपथ घेणारा माणूस विरळा, पण ती गोष्ट घरातून काढून टाकणाराही विरळाच. त्यांच्याआधी तत्त्वज्ञ मैमोनिदेस (1138–1204) यांनी अगादा वाचणाऱ्यांचे तीन वर्ग केले होते: अक्षरशः खरं मानणारे बहुसंख्य, अक्षरशः मानूनच खिल्ली उडवणारे, आणि आतला अर्थ शोधणारे मूठभर. पहिल्या दोन्ही वर्गांवर त्यांचा राग होता. आणि खुद्द जुन्या रब्बींतही जेइरांसारखे होते, ज्यांनी अगाद्याच्या पोथ्यांना चेटकाच्या पोथ्या म्हटलं.

पुढे गोष्टी कायद्यातून निवडून वेगळ्या करायचं काम सुरू झालं. 1492 मध्ये स्पेनमधून हाकलले गेलेले याकोव इब्न हबीब सालोनिकात स्थिरावले आणि त्यांनी तालमूदमधला अगादा एकत्र करून 'एन याकोव' हा ग्रंथ 1516 मध्ये छापायला घेतला. तालमूद पेलवत नाही अशा कारागिरांना, दुकानदारांना तो संध्याकाळचा सोबती झाला. ओदेसात कवी बियालिक आणि रावनित्स्की यांनी 1908 ते 1911 मध्ये 'सेफर हा-अगादा' केला, विषयवार लावलेला, स्वच्छ हिब्रूत. न्यूयॉर्कच्या लुई गिंझबर्ग यांनी 1909 ते 1938 या काळात सात खंडांत बायबलच्या पात्रांभोवतीच्या सगळ्या दंतकथांची एक सलग कादंबरी शोभेल अशी मांडणी केली. त्यातले दोन खंड नुसत्या टिपांचे. चौघांचे उपकार मोठे आहेत. पण निवडलेल्या तांदळात शेत दिसत नाही. संग्रहात वाचली तर भट्टीची गोष्ट शब्दांच्या जखमेच्या कलमाखाली आहे, हे कळायला मार्ग नाही. आज जगाला ज्यू दंतकथा म्हटली की प्रागचा गोलेम, म्हणजे मातीचा जिवंत केलेला पुतळा, आठवतो. त्याची बाबिलोनी तालमूदमधली मूळ नोंद दोन-तीन ओळींची आहे, आणि प्रागच्या रब्बींशी त्याचं नाव छापील पुस्तकांत जोडलं गेलं ते एकोणिसाव्या शतकात. म्हणजे वारूळ जुनं आणि नाग अलीकडचा.

आता एलिया. बायबलप्रमाणे तो मेला नाही. यार्देन नदीपलीकडे अग्नीचा रथ आला आणि तो वावटळीतून वर गेला. न मेलेला माणूस कथेला नेहमीच सोयीचा. मग तो कधी भिकारी होऊन, कधी अरब व्यापारी होऊन फिरतो, रब्बींना वरची खबर देतो. सुंतेच्या वेळी त्याच्यासाठी खुर्ची ठेवतात, वल्हांडणाच्या रात्री प्याला.

रायगड जिल्ह्यात अलिबागजवळ खंडाळा नावाचं गाव आहे (घाटातलं नव्हे). तिथल्या एका खडकावर एलियाच्या रथाच्या खुणा आहेत, अशी कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाची श्रद्धा आहे. रथ इथून वर गेला. यार्देनचं काय, हा प्रश्न तिथे कोणी काढत नाही. शतकानुशतकं या समाजाजवळ तालमूद नव्हता, मिद्राश नव्हता. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. हलाखेतला शब्बाथ, सुंता, माशांचे नियम आणि एका प्रार्थनेचा आरंभ, एवढंच गाठीला उरलेलं होतं. मंदिर पडल्याचा उपास कोकणात बिरड्याचा सण झाला, वालाच्या बिरड्यावरून. एलियाचा तर उरूस झाला.

त्यांची स्वतःची मूळकथाही अगाद्याच्या चालीची आहे. नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बुडालेल्यांना तिथेच मातीआड केलं. याच किनारपट्टीवर परशुरामाने समुद्रातून आलेले चौदा देह जिवंत केले, अशी चित्पावनांची कथा आहे. सात आणि सात, चौदा. कोणी कोणाचं उचललं याचा निकाल इतिहासकारांनी लावावा. एका समुद्राकाठी दोन समाज एकाच मापाने आपली उत्पत्ती मोजत होते, एवढं मात्र उघड आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात छापील पुस्तकं आली. 1846 मध्ये मुंबईत आणि 1874 मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह हगादा निघाला. पुण्याच्या पोथीतल्या चित्रांत वल्हांडणाच्या भाकरी करणाऱ्या बायका आपल्याकडच्या लुगड्यांत आहेत. त्याच शतकाच्या शेवटच्या दशकांत या समाजाने कीर्तनही उचललं: अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं, साक्या-दिंड्यांसह, मराठीत. शतकानुशतकांच्या प्रवचनांनी जे पॅलेस्टाइनमधल्या गालिलात केलं ते पेटी-टाळांवर इथे पुन्हा झालं.

तालमूदमध्ये काही वाद सुटत नाहीत. तिथे शेवटी 'तेकू' असा शब्द येतो. त्याचा साधा अर्थ 'राहू दे'. पण लोकांनी त्याची अक्षरं फोडून अर्थ लावला: तिश्बी, म्हणजे एलिया, येऊन सोडवील. भट्टीच्या सभेने तर ठरवलं होतं की वरून आलेलं मत मोजायचं नाही. मग वरून येणारा एलिया निकाल कसा देणार? पंडितांनी यावरही तोड काढली की तो संदेष्टा म्हणून नाही, सभेतला एक विद्वान म्हणून बोलेल.

खंडाळ्याला येणाऱ्यांची गाऱ्हाणी वेगळी असतात. मुलीचं लग्न, मुलाची परदेशातली नोकरी, आजारातून उठलेलं माणूस. भिजवलेल्या पोह्यांत गूळ, ओलं खोबरं, वेलची घालून मलिदा करतात, ताटात फळं लावतात, आणि एलियाहू हन्नाबीचं नाव घेऊन झाडाच्या फळाचा आशीर्वाद निराळा, जमिनीतल्याचा निराळा, सुवासाचा निराळा, असे हिब्रू आशीर्वाद क्रमाने म्हणतात. कुठलं फळ कुठल्या आशीर्वादात बसतं, तो हलाखेचा नियम. केळं दिसायला झाडाचं, पण नियमाने ते जमिनीतलं धरतात. नवस फेडायला आलेल्या घरातली पोरं इथेच चुकतात, आणि मोठी माणसं त्यांना दुरुस्त करून मगच मलिदा हातावर ठेवतात.